पोस्टकार्डाएवढ्या कागदाची राखण

पाऊस सुरू झाला की गावोगावी झाडे लावण्याची धामधूम उडते. खड्डा खणायला दहा हात पुढे येतात, फोटोला पंधरा माणसे उभी राहतात. पुढच्या उन्हाळ्यात ते रोप आहे की शेळीने फस्त केले, हे पाहायला मात्र कोणी फिरकत नाही. म्हणून आज आम्ही एका दूरच्या मुलखातील राखणीची हकिकत सांगणार आहोत. त्या राखणीला मोठी विद्या लागत नाही आणि पैसाही फार लागत नाही. कागदाचा एक तुकडा आणि दरवर्षी न चुकता येणारा माणूस, एवढ्यावर ती चालते.

अमेरिकेत कॅनडाच्या सीमेला लागून मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथील हिवाळा म्हणजे महिनोन् महिने बर्फ. या राज्याच्या उत्तर भागात व्हाइट पाइन नावाचा सूचिपर्णी वृक्ष वाढतो. त्याची पाने सुईसारखी असतात आणि एका झुबक्यात पाच-पाच येतात. नीट वाढला तर हा वृक्ष शंभर फुटांच्या वर जातो आणि दोनशे वर्षांहून अधिक जगतो. त्याचे लाकूड हलके, सरळ आणि कापायला सोपे. त्यामुळे 19व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि 20व्या शतकाच्या आरंभी लाकूडतोड कंपन्यांनी ही जंगले जवळजवळ साफ केली. त्या लाकडावर शहरे उभी राहिली, आणि मागे उरली ती खुंटे.

मोठी झाडे गेली तशी उघड्या जमिनीवर झुडपे आणि कोवळा पाला माजला. हरणांना हेच हवे होते. पांढऱ्या शेपटीचे हरीण पूर्वी त्या उत्तरेकडच्या दाट जंगलात फार नव्हते, ते तोडीनंतर तिकडे सरकले आणि वाढले. म्हणजे हरणाला तेथे बोलावणारा माणूसच! आज तो प्राणी रोपे खातो म्हणून त्याला शिव्या घालण्यात काय अर्थ?

हिवाळ्यात बर्फाखाली गवत झाकले जाते, झुडपांची पाने गळून जातात. अशा वेळी व्हाइट पाइनच्या रोपाचा हिरवा शेंडा बर्फावर डोकावत असतो. भुकेले हरीण नेमका तोच खाते. त्याला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते कोंब कापत नाही, ओढून तोडते. टोक फाटल्यासारखे दिसले तर ते हरणाचे काम, आणि सुरीने तिरके कापल्यासारखे दिसले तर सशाचे, असे तेथील जाणकार ओळखतात.

शेंडा गेला तर एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. आपल्याकडे पेरू छाटला तरी पुन्हा फुटतो. पाइनचे तसे नाही. त्याची उंची वाढते ती शेंड्यावरच्या कळीतून. ती गेली की बाजूच्या फांद्या वर जाण्यासाठी एकमेकींशी झगडतात, झाड दुबेळके होते किंवा झुडपासारखे खुजे राहते. दरवर्षी शेंडा खाल्ला गेला तर रोप गुडघ्याएवढेच राहते आणि शेवटी मरते. जंगलात म्हातारी झाडे उभी, पण त्यांच्या पायाशी वारस नाही, अशी अवस्था होते.

उंच तारेचे कुंपण घालता येते, पण हरीण उडी मारते म्हणून ते आठ फूट लागते, आणि जंगलभर ते कोण घालणार? सडक्या अंड्याच्या वासाची औषधे फवारतात, पण ती पावसाने धुऊन जातात आणि पुन्हा फवारावी लागतात. मग उरतो तो कागद.

पान गळतीच्या दिवसांत, बर्फ पडण्याआधी, माणसे स्टेपलर घेऊन जंगलात जातात. सुमारे चार इंच बाय सहा इंचाचा साधा कागद शेंड्याभोवती घडी घालून गुंडाळायचा, कळी कागदाच्या वरच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवायची, आणि दोन-तीन ठिकाणी टाचायचे. एक टाचा पानांच्या सुयांना धरून मारायचा, म्हणजे वाऱ्याने टोपी उडत नाही. हरणाला त्या कागदात खाण्याजोगे काही दिसत नाही, आणि ते पुढे निघून जाते. वसंतात कळी फुटते, कोंब कागदातून वर निघतो.

ही टोपी एका हिवाळ्यापुरतीच. शेंडा नवा, तर टोपीही नवी. शेंडा हरणाच्या तोंडाच्या वर, म्हणजे पाच-सहा फुटांपलीकडे जाईपर्यंत दर शरद ऋतूत हे करावे लागते. बर्फाचा थर जाड असेल तर हरीण त्यावर उभे राहून आणखी वर पोहोचते, हेही ध्यानात ठेवावे लागते. एक वर्ष चुकले तर मागच्या सर्व वर्षांची मेहनत एका रात्रीत हरणाच्या पोटात जाऊ शकते.

आम्हाला यात मोलाचे वाटते ते हे, की टोप्या घालणाऱ्यांत हौशी स्वयंसेवक असतात. ज्या झाडाला ते जपतात, त्याची पूर्ण उंची पाहायला त्यांच्यापैकी कोणीही हयात असणार नाही. तरीही ते येतात.

आपल्या गावात हरणे नसतील, पण शेळ्या आहेत, मोकाट गुरे आहेत. बाभळीच्या काट्यांचे कुंपण आपल्या आजीला येत होते, त्याला पैसा लागत नव्हता. यंदा घरातील मुलांनी एकच झाड लावावे, पण त्याची राखण कोण करणार त्याचे नाव आधी ठरवावे, आणि मगच खड्डा खणावा.