जात न बघणारं समाजकार्य कोणाच्या कामाचं?

समाजसेवी संस्थांच्या कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आम्ही जात बघत नाही.’ बोलणाऱ्याला वाटतं, आपण फार पुरोगामी बोललो. मला विचाराल तर या क्षेत्रातलं हे सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. तुम्ही बघा किंवा बघू नका, जात वस्तीत असतेच. ती घर भाड्याने देताना असते, कामावर घेताना असते, नाल्यात कोणाला उतरवायचं हे ठरवताना असते. फक्त समाजसेवकाच्या अहवालात नसते.

मी तळवलीत राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका बाजूला गावठाणं आणि सिडकोचे सेक्टर, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी आणि डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या वस्त्या. या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये मराठवाड्यातून आलेली बौद्ध, मातंग, वडार, बंजारा कुटुंबं आहेत. १९७२ च्या दुष्काळात गाव सुटलेल्यांची तिसरी पिढी आता इथे मोठी होते आहे. आजोबा खाणीत, बाप ठेकेदाराकडे, मुलगा डिलिव्हरीवर. तिन्ही पिढ्यांत कायम नोकरीचा कागद नाही. हे योगायोगाने घडलं का? समाजशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही नाही म्हणेल. पण या घरांत गृहभेटीला जाणाऱ्याच्या फॉर्मवर रकाने कोणते असतात? व्यसन, कौटुंबिक कलह, शाळागळती, स्वच्छतेच्या सवयी. सगळा दोष घराच्या चार भिंतींच्या आतला. बाहेरच्या व्यवस्थेसाठी रकानाच नाही.

हा वाद नवा नाही. बाबासाहेबांनी तो १९३२ सालीच मांडून ठेवला आहे. पुणे करारानंतर ३० सप्टेंबर १९३२ रोजी अस्पृश्यता निवारणासाठी एक संस्था स्थापन झाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा सचिव. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी निघाले होते. १४ नोव्हेंबरला त्यांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना एक सविस्तर पत्र लिहिलं. समाजकार्य शिकवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयात पहिल्या आठवड्यात वाचून घ्यावं असं ते पत्र आहे.

त्यातला मुद्दा सरळ आहे. माणूस हलाखीत आहे तो स्वतःच्या अवगुणांमुळे, असं मानणाऱ्यांचं समाजकार्य दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय यांवर भर देतं. तो भोवतालच्या परिस्थितीमुळे हलाखीत आहे, असं मानणाऱ्यांचं काम ती परिस्थिती बदलण्याचं असतं. बाबासाहेबांनी दुसरी बाजू घेतली आणि कार्यक्रमही दिला. गावची विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहनं यांवरच्या नागरी हक्कांसाठी मोहीम काढा. रोजगारात समान संधी मिळवून द्या. गिरण्यांच्या विणकाम खात्याची दारं आमच्या माणसांना बंद होती, हे उदाहरण त्यांनी दिलं. स्पृश्यांनी आपल्या घरात अस्पृश्यांना येऊ द्यावं, हे सांगितलं. आणि हे काम करणारे कार्यकर्ते शक्यतो त्याच समाजातले घ्या, असंही सुचवलं.

या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही, असं बाबासाहेबांनी पुढे नोंदवलं आहे. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान हवं अशी मागणी झाली, तेव्हा संघ हा सवर्णांच्या प्रायश्चित्तासाठी आहे, म्हणून तो त्यांनीच चालवायचा, अशी गांधीजींची भूमिका होती. म्हणजे दुखणं आमचं, प्रायश्चित्त त्यांचं आणि निर्णयही त्यांचाच!

कोणी म्हणेल, मग वाचनालय नको, वसतिगृह नको? असा अर्थ कोणी काढू नये. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह चालवलंच होतं. पण तिथे शिकणारा मुलगा उपकाराखाली दबावा अशी अपेक्षा नव्हती, तो हक्कासाठी उभा राहावा अशी होती. सेवा तीच, दिशा वेगळी. आजच्या ‘लाभार्थी’ या शब्दात ती दिशा हरवली आहे. फळ्यासमोर दप्तरं घेऊन फोटोला उभी केलेली पोरं बघितली की हे लक्षात येतं.

सफाई कामगारांचं उदाहरण घ्या. वस्तीत व्यसनमुक्ती शिबिर लावणं सोपं असतं. बॅनर लागतो, अहवाल जातो. पण गटारात उतरण्याआधी दारू घ्यावी लागते, शुद्धीत तो वास सहन होत नाही, असं कामगार सांगतात त्याचं काय करायचं? २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. मृत्यू झाला तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. विधवेला हे सांगून तिचा अर्ज लढवणं हेही समाजकार्यच आहे. पण त्यासाठी ठेकेदाराशी आणि महापालिकेशी भांडावं लागतं. शिबिराला कोणाशीच भांडावं लागत नाही.

अत्याचाराच्या प्रकरणात तर हा प्रकार जीवघेणा ठरतो. जातीवरून शिवीगाळ झाली, मारहाण झाली की ‘दोन्ही बाजूंना’ समोर बसवून समुपदेशन करणारे समाजसेवक मी पाहिले आहेत. समोर बसवल्याने दोन्ही बाजू समान होतात का? एक बाजू घरमालक, दुसरी भाडेकरू. एक मुकादम, दुसरा रोजंदार. तिथे होणारी तडजोड म्हणजे दुबळ्याने घेतलेली माघार असते. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. आरोपींना शिक्षा झाली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. सूडाचं प्रकरण ठरलं, कागदावर जात उरली नाही. पहिल्या जबाबात, पहिल्या पंचनाम्यात, पहिल्या अहवालात जात गाळली की पुढे कोर्टात ती सिद्ध करणं किती कठीण होतं, हे महाराष्ट्राने तिथे पाहिलं आहे.

म्हणून समाजकार्यात असलेल्या आणि येऊ पाहणाऱ्या भावाबहिणींनो, कायदा पाठ करा. कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. कलम १५-अ पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण देतं. १९९५ च्या नियमांत ७ दिवसांत तातडीच्या मदतीची तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीने दर तिमाहीत बैठक घ्यायची असते. तुमच्या जिल्ह्यात ती झाली का? माहिती अधिकारात इतिवृत्त मागा. एका इतिवृत्ताने जे हलतं, ते दहा जनजागृती फेऱ्यांनी हलत नाही.

संस्थांना विचारा : वस्तीत फिरणारे कोणत्या समाजातले, आणि निधी कुठे खर्चायचा हे ठरवणारे विश्वस्त कोणत्या? आमची पोरं तुटपुंज्या मानधनावर ‘फिल्ड’ला आणि सही करणारे हात पिढ्यानपिढ्या तेच, असं असेल तर बाबासाहेबांचं पत्र अजूनही पोचेविना पडून आहे.

हाच प्रश्न आपल्या चळवळीलाही लागू होतो. पारध्याच्या पोराला चोर समजणारी नजर, मातंग वस्तीत न जाणारी आपली पावलं, घरातल्या बाईच्या तक्रारीला ‘समाजाची बदनामी’ म्हणून दाबणारी आपली पंचायत, यांचीही नोंद त्याच वहीत झाली पाहिजे. समतेचं मोजमाप दोन पट्ट्यांनी होत नाही.

उद्यापासून एवढं तरी करा. तुमच्या फॉर्मवर एक रकाना स्वतःच्या हाताने वाढवा : ‘या कुटुंबाचा कोणता हक्क, कोणी नाकारला?’ साहेब विचारतील, हे कशाला? सांगा, आम्ही जात बघतो. बघितल्याशिवाय ती मोडता येत नाही.

जय भीम!