पासपोर्टवाचून बोट

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना हल्ली समुद्रपर्यटनाचे भारी वेड लागले आहे. त्या पर्यटनाच्या जाहिरातींत, निळ्या पाण्याच्या आणि पांढऱ्याशुभ्र बोटीच्या चित्राखाली, एक वाक्य हमखास सापडते : ‘पासपोर्टची आवश्यकता नाही.’ वाक्य खोटे नाही. मात्र ते कुणाच्या बाबतीत खरे आणि किती वेळ खरे, हे सांगायला त्या चित्राखाली जागा उरत नाही. ज्या वाचकांची मुलेबाळे तिकडे आहेत, आणि जे स्वतः ‘सहा महिने नातवंडांकडे’ म्हणून तिकडे जातात, त्यांच्यासाठी या खेपेला एवढाच विषय घेतो.

निमित्त माझ्या पुतणीचे. ती न्यू जर्सीत असते. नाताळच्या सुटीत बायोन बंदरातून निघून बहामा बेटांना जायचे आणि पुन्हा बायोनलाच परतायचे, असा तिने बेत केला. माणसे चार : ती, जावई, नऊ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून गेलेल्या आमच्या विहीणबाई. बोटीची तिकिटे काढून झाल्यावर तिला आठवले, की आपला पासपोर्ट नूतनीकरणासाठी पाठवलेला आहे. मुलीचा तर अजून काढलेलाच नाही. मग काकांना फोन. आमच्या घराण्यात कागदपत्रांची भानगड निघाली की ती माझ्याकडेच येते. तीस वर्षे कचेरीत काढल्याचे हे पेन्शन समजायचे.

विहीणबाईंना तर ही सगळी चर्चाच चमत्कारिक वाटत होती. बोट म्हटले की त्यांना लहानपणचा भाऊचा धक्का आठवतो. ट्रंका, वळकट्या, रात्रभर ओकणारी भावंडे, आणि रत्नागिरीला पडावातून उतरणे. “अहो, आम्हांला तिकिटाखेरीज कुणी काही विचारलं नाही हो कधी,” असे त्या फोनवर मला म्हणाल्या. बरोबरच आहे. ती बोट देशाबाहेर जात नव्हती. आजही मुंबईहून गोव्याला बोटीने जायचे झाले, तर आपण कोण आहोत एवढेच सरकारी ओळखपत्राने दाखवावे लागते. देशाची हद्द ओलांडली, की दुसरा प्रश्न उभा राहतो : तुम्ही कुठल्या देशाचे नागरिक?

सगळे मर्म या दोन प्रश्नांत आहे. पासपोर्ट दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच पुस्तकात देतो. तो नसला, तर दोन उत्तरांसाठी दोन निरनिराळे कागद लागतात.

अमेरिकेत पूर्वी शेजारच्या कॅनडातून परत येताना ‘मी अमेरिकन नागरिक’ एवढे तोंडी सांगूनही भागत असे. २००१ च्या हल्ल्यानंतर हवा बदलली. २००४ मध्ये कायदा झाला. विमानाने येणाऱ्यांना २००७ पासून, आणि जमिनीवरून व समुद्रावरून येणाऱ्यांना १ जून २००९ पासून पक्के कागद सक्तीचे झाले. समुद्राच्या बाबतीत एक सवलत तेवढी राहिली. जी बोट अमेरिकेच्या ज्या बंदरातून निघते त्याच बंदरात परतते आणि मधल्या काळात आसपासच्या बेटांना व देशांनाच भेट देते, तिच्यावरच्या अमेरिकन नागरिकाला परतताना पासपोर्टऐवजी नागरिकत्वाचा पुरावा आणि सरकारी छायाचित्र-ओळखपत्र एवढ्यावर आत घेतात. एका बंदरातून निघून दुसऱ्या बंदरात संपणारी सफर या सवलतीत बसत नाही.

आता चौघांचे पाहू. घर एक, जेवणाचे टेबल एक, पण कागद चौघांचे चार तऱ्हांचे.

मुलगी न्यू जर्सीत जन्मलेली, म्हणून जन्माने नागरिक. सोळा वर्षांखालच्या मुलांना नुसता जन्मदाखला पुरतो, छायाचित्राचे ओळखपत्र लागत नाही. पुतणीने मोठ्या हौसेने चौकटीत लावलेला, बाळाच्या पावलांचे ठसे असलेला इस्पितळाचा कागद मला फोनवर दाखवला. तो कागद आठवणीसाठी छान आहे. दाखला म्हणून त्याची किंमत शून्य. दाखला हवा तो जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीचा. आणि तोही नेहमी चालतोच असे नाही. पोर्टो रिको हा अमेरिकेचाच मुलूख, पण तिथे शाळांतून ठेवलेल्या जन्मदाखल्यांच्या चोऱ्या होऊन इतके गैरप्रकार झाले, की १ जुलै २०१० पूर्वी दिलेले सगळे दाखले सरकारने बाद ठरवून लोकांना नवे काढायला लावले.

जावयांजवळ हिरवे कार्ड आहे. ते कायमचे रहिवासी, नागरिक नव्हेत. म्हणजे ‘पासपोर्टची आवश्यकता नाही’ हे वाक्य त्यांच्यासाठी लिहिलेलेच नाही. परत येताना हिरवे कार्ड लागणार, आणि कंपनी व वाटेतली बंदरे यांच्या नियमांप्रमाणे भारताचा पासपोर्टही मागितला जाणार. विहीणबाई तर पाहुण्या. त्यांचा पासपोर्ट आणि त्यावरचा अमेरिकेचा व्हिसा दोन्ही लागणार. व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आणि मुदतीतला हवा, कारण बोट बाहेर गेली की परतणे हा नवा प्रवेश ठरतो. शिवाय त्या बेटांवर भारतीयांना वेगळा व्हिसा लागतो का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यायला मी बजावले. तोंडी उत्तर धक्क्यावर दाखवता येत नाही.

राहिली पुतणी. तिला वाटत होते, आपल्या मोटारीच्या लायसनवर तारा आहे, तेव्हा चिंता नाही. ७ मे २०२५ पासून तिकडे देशांतर्गत विमानप्रवासाला असे तारांकित ओळखपत्र किंवा त्याच्या तोडीचा दुसरा कागद लागतो, म्हणून पुष्कळांचा हा समज झाला आहे. पण तसाच तारा जावयांच्याही लायसनवर आहे, आणि ते नागरिक नाहीत. यावरूनच तो तारा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते उघड व्हावे. मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या पाच राज्यांत नागरिकत्वही सांगणारे खास लायसन मिळते. नदीपलीकडच्या न्यूयॉर्कात मिळते, न्यू जर्सीत नाही. याला नशीब म्हणायचे!

आपल्याला हे परके वाटायला नको. आधारकार्ड खिशात असले की सारे जग जिंकल्यासारखे आपण वागतो. पण २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिले आहे, की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. म्हणूनच पंधरा ते पासष्ट वयाच्या भारतीयाला नेपाळला जाताना आधारकार्ड चालत नाही. पासपोर्ट नाहीतर मतदाराचे ओळखपत्र लागते, कारण मत देण्याचा अधिकार फक्त नागरिकाला.

पुतणी लहानपणी आईबापांबरोबर गेलेली, पुढे सज्ञान झाल्यावर रीतसर नागरिक झालेली. त्याचे प्रमाणपत्र तिच्या कपाटात होते. मूळ प्रत जवळ ठेवायची, झेरॉक्सवर विसंबायचे नाही. पण खरी गोम पुढेच होती. प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, लायसन सासरच्या नावाचे. कागदांच्या दृष्टीने या दोन निराळ्या बाया! दोघींना जोडणारा तिसरा कागद म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला, आणि तो होता पुण्याच्या घरात, लग्नाच्या अल्बमाखाली. आपल्याकडे मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, कित्येक घरांत तांदळांत अंगठी फिरवून पहिले नावही बदलतात. आणि त्या सगळ्याची लेखी साक्ष म्हणून घरात काय असते, तर लग्नपत्रिका. भरीला इंग्रजी स्पेलिंगे. देवनागरीत वैद्य एकच, पण इंग्रजीत भाऊ ‘व्ही’ने लिहितो आणि बहीण ‘डब्ल्यू’ने. पुरुषाला जन्मभर एकच नाव पुरते, म्हणून या गोष्टीची झळ त्याला कळत नाही. मुलीचे लग्न झाल्याबरोबर नोंदणीचा दाखला काढून त्याच्या दोनतीन प्रमाणित प्रती तिच्या हाती द्याव्यात, असे मी माझ्यापुरते ठरवून टाकले आहे. पैठणीइतकाच तो आहेर समजावा.

एवढ्याने पुतणीचे बोटीवर चढणे जमत होते. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मी विचारले, “समजा, नासाऊला मुलगी आजारी पडली तर?”

हा प्रश्न कुणाला अपशकुनी वाटेल. पण बोटीवरचा दवाखाना लहान असतो. बरीचशी मोठी दुखणी जवळच्या बंदरात उतरवावी लागतात. बोट वेळेवर निघून जाते. मग घरी परतायचे ते विमानाने, आणि विमानाला जन्मदाखला चालत नाही. ती सवलत बोटीच्या फेरीला आहे, तुम्हांला नाही. चढलात त्याच बोटीने परतलात तर सवलत, मध्येच उतरावे लागले तर संपली. नासाऊला अमेरिकेचा वकिलातीत तातडीचा पासपोर्ट मिळू शकतो. पण नाताळात आणि शनिवार-रविवारी कचेऱ्या बंद असतात. म्हणजे आजारी मुलीला विमानाने न्यावे, तर तिच्याजवळ पासपोर्ट नाही, आईजवळही नाही. आणि ज्या दोघांजवळ पासपोर्ट आहे, ते नागरिक नाहीत!

“मग पासपोर्टचं कार्ड काढू का?” पुतणीने विचारले. असे एक कार्ड आहे खरे. २०२५ मध्ये पुस्तकाची फी १३० डॉलर आणि कार्डाची ३०. जमीन आणि समुद्र यांना ते उत्तम चालते, परदेशातून विमानाने येताना चालत नाही. म्हणजे आमची अडचण होती तिथेच.

तरुण जोडप्याने तीन दिवसांच्या फेरीला असे जायला माझी हरकत नाही. कायदा परवानगी देतो, आणि धडधाकट माणसाला एक-दोन दिवस अडकून पडणे सोसते. पण बरोबर नऊ वर्षांचे मूल आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई असताना पुस्तकी पासपोर्टच हवा, असे मी तिला सरळ सांगितले. ती जरा गप्प झाली. मग विहीणबाईंचाच आवाज आला, “काढ गं बाई. माझ्यासाठी नको, पोरीसाठी काढ.”

तातडीसाठी जादा ६० डॉलर भरून पुतणीने आपला अर्ज पुढे सरकवला. सोळा वर्षांखालच्या मुलीच्या अर्जाला आईबाप दोघांना समक्ष जावे लागते, म्हणून जावयांनी रजा काढली. विवाहनोंदणीचा दाखला अल्बमाखालून काढून मी कुरियरने धाडला आहे. पासपोर्ट वेळेत न आले, तर सफर पुढे ढकलायची की दाखल्यांवर जायचे, ते दोघे ठरवतील.

आता अडले आहे ते विहीणबाईंच्या चकल्यांपाशी. घरी केलेले फराळाचे डबे बोटीवर नेऊ देत नाहीत असे ऐकल्यापासून त्या नाराज आहेत, आणि त्याला कुठला दाखला चालेल, असे त्यांनी मला दोनदा विचारले आहे.