मुक्या पुस्तकांची कैफियत

सांगलीस सुशिक्षित मंडळींच्या एका बैठकीत गेल्या महिन्यात प्रस्तुत लेखकास एक विलक्षण फिर्याद ऐकावयास मिळाली. निमित्त घरगुतीच होते. माझ्या तीन वर्षांच्या नातीस वाढदिवसाप्रीत्यर्थ मी एक चित्रमय पुस्तक दिले होते. पुस्तकाचा नायक एक काळाकभिन्न, धिप्पाड कुत्रा. आणि आरंभीचे व अखेरचे एखाददुसरे वाक्य वगळले तर आत अक्षर म्हणून नाही. आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी ते हाती घेतले, पाठीमागची किंमत पाहिली, पाने भराभर उलटली आणि ते टेबलावर ठेवीत म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, यात वाचायचे काय? एवढ्या पैशांत चांगला शब्दकोश आला असता!” बैठकीत हशा पिकला. हसणाऱ्यांत दोन शिक्षक होते, एक डॉक्टर होते, एक वकील होते. आणि बहुतेकांच्या घरी लहान मुले होती. त्यांच्याबरोबर मीही हसलो, आणि घरी पोहोचेपर्यंत त्या हसण्याची मला लाज वाटू लागली. स्नेह्यांचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. कारण हे मत त्यांचे एकट्याचे नसून आपल्या सबंध सुशिक्षित वर्गाचे आहे. म्हणूनच त्या मुक्या पुस्तकाच्या वतीने ही कैफियत मांडण्याचे मी योजिले आहे.

प्रथम त्या पुस्तकाची ओळख करून देणे अवश्य आहे. त्याचे नाव ‘गुड डॉग, कार्ल’. अमेरिकेतील अलेक्झांड्रा डे या चित्रकर्तीचे हे पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले. आई बाहेर जाताना कार्ल नावाच्या कुत्र्यास बाळावर लक्ष ठेवावयास सांगते. तिची पाठ वळताच कुत्रा बाळास पाठीवर घेऊन घरभर हिंडतो. दोघे मिळून खाण्याच्या पदार्थांवर हात मारतात. मग कुत्रा बाळास न्हाऊ घालतो, पसारा आवरतो, त्यास पुन्हा पाळण्यात निजवितो. आणि आई परत येऊन त्याची पाठ थोपटते. याच जातीची आणखी दोन पुस्तके मी पाहिली आहेत. क्रिस राश्का यांचे ‘अ बॉल फॉर डेझी’ (२०११) हे एका कुत्रीचा लाल चेंडू फुटल्याच्या दुःखाची हकीकत सांगते. त्यास दुसऱ्याच वर्षी चित्रपुस्तकांसाठी दिले जाणारे कॅल्डेकॉट पदक मिळाले. गॅब्रिएल व्हिन्सेंट या बेल्जियन चित्रकर्तीच्या १९८२ सालच्या पुस्तकात धन्याने मोटारीतून रस्त्यावर टाकून दिलेला कुत्रा आहे, आणि तेथे रंगही नाहीत. केवळ काळ्या रेषा. आनंद, हानी आणि परित्याग, या तीन गोष्टी तीन कुत्र्यांनी एकही शब्द न उच्चारता सांगितल्या आहेत. आता “यात वाचायचे काय?” या प्रश्नाकडे वळू.

हा प्रश्न प्रौढाचा आहे, मुलाचा नव्हे. अक्षरांचे पुस्तक घरात आले की त्याची मालकी अक्षर जाणणाऱ्याकडे जाते. मूल मांडीवर बसलेले असते खरे, पण ते आश्रिताप्रमाणे; आपण वाचू तेव्हा त्याने ऐकावयाचे, आपण थांबू तेव्हा त्याने थांबावयाचे. मुक्या पुस्तकापुढे मात्र आजोबा आणि नात यांचा अधिकार सारखाच. किंबहुना नातीचा थोडा अधिक. कारण चित्राच्या कोपऱ्यातील उलटलेले भांडे तिला दिसते, आणि आजोबांना चष्मा पुसूनही दिसत नाही.

ज्या सांगलीत हा हशा पिकला त्या सांगलीस तर हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच पोहोचत नाही. १८४३ साली याच नगरीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि मराठी नाटकाचा जन्म तेथून मोजण्याचा आपला प्रघात आहे. त्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे प्रसंग ओळखून आपापली भाषणे आयत्या वेळी करीत असत. लिहिलेले संवाद त्यांच्या हाती नसत. आपल्या रंगभूमीचे पहिले पुस्तक हे, म्हणजे, अर्धेअधिक कोरेच होते! तिकडे कुडाळनजीक पिंगुळीस ठाकर समाजातील चित्रकथी चित्रांच्या पोथ्या मांडीवर घेऊन, पान उलटीत रामायण-महाभारत सांगत आले आहेत. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण वर्तमानपत्र वाचून अभिमानाने मान डोलावली. चित्र पुढे आणि वाणी मागे, ही रीत चित्रकथ्याच्या मांडीवर कला ठरते, आणि आपल्या मुलाच्या मांडीवर मात्र पैशांचा अपव्यय, हा न्याय कोणता?

परंतु खरा अपराधी मुक्या पुस्तकास हसणारा नव्हे. ते विकत घेऊन बोलके करू पाहणारा अधिक घातक. आणि तो अपराधी, सांगावयास संकोच वाटतो, मी स्वतः होतो.

पुस्तक दिले त्याच संध्याकाळी मी नातीस घेऊन बसलो. पहिले पान उघडून विचारले, “व्हॉट इज धिस?” ती म्हणाली, “डॉग.” “व्हॉट कलर?” “ब्लॅक.” “हाऊ मेनी लेग्ज?” तिने पाय मोजले. दुसऱ्या पानावर हेच, तिसऱ्या पानावर हेच. चौथे पान येताच तिने पुस्तक मिटले आणि शांतपणे सांगितले, “आबा, आता शाळा सुटली.”

त्याच खोलीत माझी आई बसली होती. ती माण तालुक्यातील; शिक्षण दोन इयत्ता, आणि तेही सत्तर वर्षांपूर्वीचे. पुस्तक तिने आपल्याकडे ओढले आणि पहिल्याच चित्रास पाहून उद्गारली, “अगं बया! ही बाई पोर कुत्र्यावर टाकून निघाली तरी कुठं?” नात म्हणाली, “बाजारात.” “मग पोरगं रडलं असंल?” “नाही गं, त्याने पाठीवर घेतलं ना!” पुढे अर्धा तास त्या दोघींचे जे चालले त्यात मला प्रवेश नव्हता. आईने माणच्या माळावरच्या धनगराच्या कुत्र्याची गोष्ट मध्येच घातली. लांडगा आला तेव्हा तो कसा भुंकला, ते भुंकून दाखविले. शेवटी कुत्रा पसारा आवरतो त्या पानाशी नात थांबली आणि म्हणाली, “आई रागावेल म्हणून तो आवरतोय. नाहीतर त्याला बाहेर बांधतील.”

वाचकांनी या दोन वाक्यांकडे क्षणभर लक्ष द्यावे. माझ्या परीक्षेत तिने मला तीन नामे आणि एक अंक दिला. पणजीस तिने ‘म्हणून’ दिले आणि ‘नाहीतर’ दिले. पहिल्या अव्ययात कारण आहे, दुसऱ्यात भय आणि संभाव्य परिणाम आहे. कुत्र्याच्या मनात काय चालले असेल हे चित्रात कोठेही काढलेले नाही. ते तिने आपल्या पदरचे घातले. नामे पढविणे सोपे असते, पोपटासही ती पढविता येतात. पण अव्यये पढविता येत नाहीत. काही सांगावयाचे असेल तरच ती जिभेवर येतात.

ही केवळ एका आजोबाची हळवी समजूत आहे असे कोणी म्हणेल, म्हणून एक शास्त्रीय दाखला देतो. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पावणेदोन ते तीन वर्षे वयाच्या मुलांच्या आईबापांपैकी काहींना त्यांनी चित्रपुस्तक पाहण्याची निराळी रीत शिकविली: ‘हो-नाही’ची उत्तरे मागू नका, मोकळे प्रश्न विचारा, मूल बोलेल त्यात भर घालून ते त्यास परत द्या. उरलेले आईबाप नेहमीप्रमाणे वाचीत राहिले. एका महिन्यात पहिल्या गटातील मुले बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेली. ही रीत माझ्या आईस कोणी शिकविली नव्हती. मला मात्र तीस वर्षांच्या अध्यापनानंतरही ती ठाऊक नव्हती.

तीस वर्षे मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविले. एखादी कविता वर्गापुढे ठेवून “तुम्हांस यात काय दिसते?” असे विचारले की साठ हुशार मुले माना खाली घालतात, आणि तासानंतर एखादा धीट विद्यार्थी येऊन म्हणतो, “सर, उत्तरात काय लिहायचे तेवढे सांगा.” आजवर याचा दोष मी परीक्षापद्धतीस, गाइडांस, क्लासांस देत आलो. आता मला असे वाटू लागले आहे की हे मौन पुष्कळदा तिसऱ्या वर्षीच सुरू होते, चार पायांच्या कुत्र्याचे पाय मोजावयास लावणाऱ्या मांडीवर.

आता दुसरा आक्षेप. कुत्रा परका, घर परके, न्हाणीघरही परके. मराठी मुलास याचे काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्याची लाज कुत्र्यास नसून आपल्यास वाटावयास हवी. साताऱ्याच्या पूर्वेस, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचविला आणि महाराजांनी त्यास पालखीचा मान दिला, अशी आख्यायिका आहे. नातीस मी तेथे नेले. मी इतिहास सांगण्याच्या बेतात होतो, पण दगडातील त्या कुत्र्यापुढे ती उकिडवी बसली आणि तिनेच मला विचारले, “आबा, हा कोणाची वाट बघतोय?” कारकिर्दीच्या सनावळीत या प्रश्नाचे उत्तर नाही. १७०८ आणि १७४९ ही साले मी गिळून टाकली.

आपल्या भोवती श्वानचित्रांना तोटा आहे काय? पलूस तालुक्यात औदुंबर आहे. तेथे दर्शनास जाणाऱ्या घरांतून दत्ताची तसबीर हमखास असते, आणि तिच्यात चार कुत्री. हे चार श्वान म्हणजे चार वेद, असे आपली परंपरा सांगते. अक्षरावाचून पुस्तक नाही म्हणणाऱ्यांनी त्या तसबिरीकडे एकदा निरखून पाहावे: आपल्या पूर्वजांनी साक्षात वेदांस कुत्र्यांच्या रूपाने मुके उभे केले आहे! कोरडी भाकर घेऊन पळणारा कुत्रा आणि तुपाची वाटी घेऊन त्याच्या पाठीस लागलेले नामदेव हे चित्र एका शब्दावाचून कोणते मूल समजणार नाही? महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजामागून चालणारा कुत्रा तर त्या अखेरच्या प्रसंगापर्यंत अवाक्षर काढीत नाही. औंधास श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारले, आणि त्या चित्रप्रेमी राजाच्या प्रदेशात आज मुलांच्या हाती देण्याजोगे खंड्याचे एक मुके पुस्तक मला मिळू नये! १९५७ साली स्थापन झालेली नॅशनल बुक ट्रस्ट आणि २००४ साली स्थापन झालेली प्रथम बुक्स या संस्था मुलांसाठी स्वस्त चित्रपुस्तके काढीत आहेत. ‘राधाचं घर’ लिहून स्वतः चितारणाऱ्या माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या कर्त्या आपल्या भाषेत आहेत. उणीव चित्रकारांची नाही. अक्षरे मोजून पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकामुळे, म्हणजे तुमच्या-आमच्यामुळे, प्रकाशकाचा हात आखडतो.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या डॉक्टर मित्रांनी तो काढला. कुत्रा बाळास सांभाळतो हे चित्र पाहून मूल रस्त्यावरच्या कुत्र्यास मिठी मारावयास गेले तर? आपल्या गल्ल्यांतून भटकी कुत्री टोळ्यांनी हिंडतात. २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयासही दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयी आधी दिलेला आदेश थोड्याच दिवसांत बदलावा लागला, इतका हा प्रश्न बिकट. मनुष्यास होणाऱ्या रेबीजचे मूळ जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यात असते, आणि संशयित जनावराने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणे दिसू लागली की उपाय बहुधा उरत नाही. तेव्हा मी प्रांजळपणे कबूल करतो: कोणत्याही कुत्र्याजवळ, मग तो घरचा का असेना, लहान मूल एकटे सोडू नये, आणि कार्लचे पुस्तक मुलाच्या हाती देऊन आपण निघून जाऊ नये.

पण यातून निष्कर्ष उलटाच निघतो. भयाची गोष्ट बोलावयास या मुक्या पानाहून सुरक्षित जागा कोणती? येथे कुत्र्याचे कान मागे का गेले, शेपूट खाली का, हा जेवत असताना जवळ जावे काय, हे सर्व पाहता येते, विचारता येते. माझ्या आईने पहिल्याच पानावर जो प्रश्न केला, “पोर कुत्र्यावर टाकून निघाली तरी कुठं?”, तो वस्तुतः डॉक्टरांचाच आक्षेप होता, फक्त तिने तो नातीबरोबर बोलून दाखविला, पुस्तक मिटून नव्हे. चावा झाल्यास जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न करता दवाखाना गाठून लस घ्यावी, हे मुलास कळण्यासाठी आधी त्याने “मला चावलं” असे न घाबरता येऊन सांगितले पाहिजे. आपल्यापाशी बोलावयाची ज्यास सवय नाही ते मूल ओरखडा लपविते. ज्या घरात चुकीच्या उत्तरास भुवया उंचावतात, त्या घरात हे मौन जिवावर बेतू शकते.

आणि ही गोष्ट केवळ पुस्तके विकत घेणाऱ्या घरांची नाही. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात सीमेलगतच्या कित्येक गावांतून घरची बोली कानडी आहे. तेथले मूल अंगणवाडीत येते तेव्हा मराठी अक्षर त्यास परके, आणि शिक्षिकेचे मराठी बोलणेही अर्धे परके. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयास शिक्षणाचा पाया म्हटले. या पायात काय घालावयाचे? माळावरच्या धनगराच्या कुत्र्याचे एक निःशब्द पुस्तक त्या मुलापुढे ठेवा. ते कानडीत बोलेल, शेजारचे मराठीत बोलेल, ऊसतोडणीस आलेल्यांचे मूल आपल्या तिसऱ्याच बोलीत बोलेल. आणि कुत्रा तिघांसही सारखाच कळेल. ज्यांच्या आईस लिहिता-वाचता येत नाही त्या घरी हेच एक पुस्तक आई आपल्या मुलास संपूर्ण ‘वाचून’ दाखवू शकते. त्या आईस तो मान देणारे दुसरे पुस्तक आमच्या विद्वान स्नेह्यांनी मला दाखवावे. त्यांनी सुचविलेला शब्दकोशही मी आनंदाने विकत घेईन.

तोवर माझी विनंती एवढीच. या महिन्यात एखादे मुके पुस्तक घरी आणा. मूल जवळ घ्या, पहिले पान उघडा आणि तोंडातून निघू पाहणारा पहिला प्रश्न गिळा. थोडे थांबणे जड जाते, हे मी अनुभवाने सांगतो. पण थांबावे. मूल बोलेल, आणि जे बोलेल ते चुकीचे आहे असे वाटले तरी पान उलटण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहू द्यावा.

आमच्या घरी ते पुस्तक आता आईच्या उशाशी असते. नात सांगलीहून आली की थेट तिकडे धावते. मला त्या बैठकीत बसण्याची परवानगी मिळाली आहे, पण एका अटीवर: आबांनी पाय मोजावयाचे नाहीत.