लहान मुलांना मोठे शब्द

इथे अमेरिकेत प्राथमिक शाळेत गोष्टी वाचून दाखवायला जायला लागल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. इंग्रजी नवीन असलेल्या मुलांच्या हातात मुद्दाम बाळबोध पुस्तकं दिली जातात. हेतू चांगलाच असतो हो. पण नऊ वर्षांच्या मुलीची भाषा कच्ची असली तरी समज नऊ वर्षांचीच असते ना? रुसवा, हेवा, नाइलाज सगळं तिला कळतं. 'सॅड' आणि 'मॅड' एवढे दोनच शब्द देऊन आपण तिला गप्प बसवतो.

आणि सोपा म्हणजे कुणाला सोपा? घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला 'सिक' नव्यानेच शिकावा लागतो, पण 'इन्फर्म'च्या जवळचा 'एन्फेर्मो' त्याच्या घरात रोज असतो. 'एडिफिस' आपल्याला भारदस्त वाटतो, त्यांच्याकडे साध्या इमारतीलाच 'एदिफिसिओ' म्हणतात. मूळ दोन्हींचं लॅटिन. मराठी शिकणारा तेलुगू माणूस 'सूर्योदय' लगेच ओळखतो आणि 'उजाडलं'वर अडतो, तसंच हे. (अर्थात दरवेळी हे जमत नाही. 'एंबारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर!)

इझाबेल बेक आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिंगिंग वर्ड्स टू लाइफ' (२००२) या पुस्तकात शब्दांच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिली रोजच्या बोलण्याची, तिसरी त्या त्या विषयाची. मधली 'रिलक्टंट', 'फॉर्च्युनेट' अशांची. हे शब्द पुस्तकांत जागोजागी भेटतात, बोलण्यात फारसे नाही. शिकवताना भर यांच्यावर हवा, असं त्या म्हणतात आणि मला ते शंभर टक्के पटतं. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला हे शब्द भेटणार कुठे? चौथी-पाचवीत विज्ञानाचं पुस्तक समोर येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

"एवढ्याशा पोरांना कशाला गं?" मावशीने फोनवर विचारलं. मावशी, पाच वर्षांची असताना मला 'आतल्या गाठीचा' कुणी शिकवला होता?

याद्या पाठ करून घ्यायला मात्र माझा विरोध आहे. शब्द गोष्टीतून यावा. बीट्रिक्स पॉटरने १९०९ मध्ये सशांच्या पिल्लांच्या गोष्टीत चक्क 'सोपोरिफिक' घातला. लेट्यूस खाऊन पिल्लं पेंगतात, की अर्थ अर्धा कळलाच. उरलेला मी साध्या शब्दांत सांगते आणि विचारते, तुम्हाला काय सोपोरिफिक वाटतं? एकाने गणिताचा तास सांगितला, एकीने बाबांच्या गाडीची घरघर. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचं. एकदा ऐकून शब्द टिकत नाही.