तुमच्या कॉलेजची टीम कधी जिंकली होती?

एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या कॉलेजची कबड्डीची टीम इंटर-झोनल शेवटची कधी जिंकली? कॅप्टन कोण होता? फायनल कुणाशी झाली आणि किती गुणांनी मारली? मोबाईल काढू नका, तिथं सापडणार नाही. जिमखान्यात जाऊन विचारा. सर म्हणतील, ‘अगं, होती एक भारी टीम, पण साल आठवत नाही बघ.’

मला हा प्रश्न पडला तो अमेरिकेमुळे. तिकडच्या कुठल्याही विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचं नाव शोधा. फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू काखेत मारून धडका देत पळायचा, तो. पहिल्या हंगामापासूनचा प्रत्येक सामना, प्रत्येक स्कोअर, प्रत्येक कोच आणि खेळाडू नोंदवलेला असतो. 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्ये पहिला सामना झाला. रटगर्सनं तो 6-4 असा जिंकला. प्रेक्षक होते शंभरेक. आपल्याकडच्या एखाद्या झोनल मॅचलाही तेवढे असतात. पण दीडशे वर्षांनंतर सांगलीत बसून मला तो स्कोअर कळतो, आणि माझ्याच जिल्ह्यातल्या कॉलेजचा दहा वर्षांपूर्वीचा कळत नाही.

‘त्यांच्याकडे पैसा आहे, म्हणून जमतं,’ असं तुम्ही म्हणाल. पैसा आहेच. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. तो पैसा नेहमी चांगलाच असतो असंही नाही. कोच कोट्यधीश झाले, पण खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची परवानगी 2021मध्ये मिळाली. म्हणजे त्यांची सगळी पद्धत इथं आणा, असं माझं म्हणणं नाही. पण वही घालायला स्टेडियम लागत नाही.

आणि नोंद म्हणजे नुसती मिरवायची गोष्ट नव्हे. 1905च्या हंगामात या खेळात अठरा-एकोणीस पोरं मेली. शिकागो ट्रिब्यून या दैनिकानं मृत्यू मोजले आणि आकडा छापला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि विद्यापीठांची संघटना उभी राहिली. तीच आजची एनसीएए. मोजलं म्हणून बदललं. पत्रकारितेच्या वर्गात मला कुणी याहून सोपं उदाहरण दिलेलं नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे इतिहास कमी आहे का? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948च्या लंडन ऑलिम्पिकला ते मॅटवर उतरले तेव्हा सवय होती मातीची. तरी सहावे आले. 1952ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. 23 जुलै 1952 रोजी खाशाबांनी ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचा फड भरवला आणि सरांचं घर सोडवलं.

एका कॉलेजच्या प्राचार्यांनी खेळाडूसाठी घर गहाण टाकलं, यापेक्षा मोठा ‘कॉलेज स्पोर्ट्स’चा इतिहास कुठल्या देशात असेल? तरी याच खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, म्हणजे 1984मध्ये अपघातात त्यांचं निधन झाल्यानंतर सोळा वर्षांनी. ऑलिम्पिक पदकवाल्याची ही गत. मग विद्यापीठाचा कलर घेऊन वेस्ट झोन खेळून आलेल्या आणि नंतर एमआयडीसीत नोकरीला लागलेल्या खेळाडूला कोण लक्षात ठेवणार?

आपल्या नोंदी विखुरण्याचं एक कारण कागदावरचंही आहे. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज 1919चं. तिथले खेळाडू आधी मुंबई विद्यापीठाकडून खेळले. 1949ला पुणे विद्यापीठ झालं, मग पुण्याकडून. 18 नोव्हेंबर 1962ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, तेव्हापासून त्याच्याकडून. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947चं. त्याचीही तीच गोष्ट. एवढंच काय, सांगली जिल्हासुद्धा 1949पासून 1960पर्यंत ‘दक्षिण सातारा’ होता. त्यामुळे आजोबांच्या वेळची टीम शोधायची, तर तीन विद्यापीठांची आणि दोन जिल्ह्यांची दप्तरं उघडावी लागतील. ती उघडायला कोण जाणार?

आणि हे सगळं जुनंच आहे असं नाही. 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरनं 55 किलो गटात रौप्य जिंकलं. एकूण 248 किलो उचलले. सोनं एका किलोनं हुकलं, तेही कोपर दुखावल्यामुळे. वडिलांची पानपट्टी आणि चहाचा गाडा आपल्याला माहीत झाला, कारण टीव्हीवाले तिथं पोचले. पण त्याआधी 2020मध्ये भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्समध्ये तो चॅम्पियन होता आणि शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं? पदक आलं की आपण फ्लेक्स लावतो. फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत टिकतो.

मागच्या महिन्यात या पानासाठी एका कॉलेजच्या जिमखान्यात गेले होते. भिंतीवर विजेत्यांचा लाकडी फळा. पांढऱ्या रंगात सुबक अक्षरं, आणि मग एका सालानंतर फळा कोराच. रंगारी रिटायर झाला आणि दुसरा कुणी नेमला नाही, असं शिपाईमामा म्हणाले. फळ्यावर सगळी मुलांची नावं. मुलींच्या खो-खोच्या टीमबद्दल विचारलं, तर एका कपाटातून कागदाची गुंडाळी निघाली. शाई उडालेली. ट्रॉफ्या ट्रंकेत होत्या, त्यांवरच्या पट्ट्या निखळलेल्या. कुठली ट्रॉफी कशाची, ते देवालाच ठाऊक.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. ऐंशीच्या दशकात विद्यापीठाकडून कबड्डी खेळले. डावा कोपरारक्षक. ब्लेझर, प्रमाणपत्र आणि टीमचा एकमेव फोटो त्यांनी कपाटात खाली जपून ठेवला होता. ऑगस्ट 2019ला कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली आणि ते कपाट चार दिवस पाण्यात राहिलं. आता काका खेळले होते, याला पुरावा म्हणजे काकाच. नातू म्हणतो, ‘आजोबा फेकतात.’ काका हसतात, पण मग गप्प होतात.

काकांचं निदान करिअर मार्गी लागलेलं आहे. तुमचं अजून लागायचं आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात उघडकीला आली आहेत, त्यामुळे ती कडक असणार आणि असायलाच हवी. पण स्पर्धेची नोंदच नीट ठेवलेली नसेल, तर खऱ्या खेळाडूनं काय दाखवायचं? खोट्या माणसाला रिकाम्या वहीची भीती नसते. हेलपाटे पडतात ते खऱ्यालाच.

म्हणून तीन मागण्या. पहिली कॉलेजांकडे: जिमखाना फी आपण दरवर्षी भरतो. त्या बदल्यात प्रत्येक हंगामाचं एक पान द्या. टीममधल्या सगळ्यांची नावं, सामने, गुण, तारखा, मुला-मुलींचं सारखंच. ते कॉलेजच्या वार्षिक अंकात छापा आणि वेबसाइटवरही टाका. दुसरी विद्यापीठाकडे: 1962पासूनच्या कलरहोल्डर खेळाडूंची यादी कुणालाही बघता येईल अशी खुली करा. अपुरी असली तरी चालेल, लोक भर घालतील. आणि सांगलीतल्या कॉलेजांनी कागदाच्या दोन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक वरच्या मजल्यावर.

तिसरी तुमच्याकडे. तुमच्या हातात मोबाईल आहे. गल्लीत, गावात, नात्यात एक तरी माणूस असेल जो कॉलेजकडून खेळला, किंवा एखादी मावशी, जी लग्नाआधी खो-खो खेळायची आणि आता त्याबद्दल बोलत नाही. रविवारी तासभर जा. बोलणं रेकॉर्ड करा, फोटोचा फोटो काढा, मागे नावं लिहिलेली असतील तर तीही घ्या. मग ते सगळं कॉलेजच्या ग्रंथालयाकडे द्या. नुसतं स्टेटसला ठेवलंत, तर चोवीस तासांत तेही जाईल.

मी सुरुवात केली आहे. काकांना विचारलं, टीममध्ये कोण कोण होतं? बाराजणांची टीम. डोळे मिटून, बोटं मोजत त्यांनी नऊ नावं सांगितली, गावासकट. तिघांची आठवेनात. एक वाळव्याकडचा होता म्हणाले, एक कोरेगावचा, आणि एक ‘उंच, डावखुरा, रेडला गेला की रिकामा यायचा नाही.’ त्यातला एखादा तुमच्या घरात आत्ता हाच पेपर वाचत बसला असेल. विचारा तरी.