अभ्यासिकेतला गुरुवार

डिसेंबरात पुण्याचा पारा दहा अंशांखाली उतरला की सदाशिव पेठेतल्या आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांचे पंखे बंद होतात आणि खुर्च्यांच्या पाठीवर शाली दिसू लागतात. मराठवाड्यातल्या एखाद्या गावातून आलेली, राज्यसेवेच्या तिसऱ्या अटेम्प्टची तयारी करणारी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. कॉट बेसिसवरच्या खोलीत तिघी राहतात. गीझर सकाळी तासभरच चालू असतो, म्हणून बादलीचा नंबर आदल्या रात्रीच ठरतो. सातच्या आत अभ्यासिकेत पोचायचं, दुपारी मेसमध्ये जेवायचं, संध्याकाळी टपरीवर उभ्याने चहा घ्यायचा आणि पुन्हा रात्री अकरापर्यंत त्याच खुर्चीत. समोर आणि दोन्ही बाजूंना प्लायवुड. वाटेत एक गणपतीचं देऊळ लागतं. ती आत जात नाही, चालता चालता हात छातीला लावते आणि पुढे होते.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी गावी आई घट मांडते, महालक्ष्मीची कहाणी वाचते आणि फोनवर विचारते, "उपवास धरलास ना गं?" ती हो म्हणते. सकाळी तिने पोहे खाल्लेले असतात. पोह्यांचं तिला काही वाटत नाही, पण आईशी खोटं बोलल्याची टोचणी दिवसभर राहते. समोरच्या पुस्तकात प्रार्थना समाज १८६७, सत्यशोधक समाज १८७३ अशा नोंदी आहेत. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो आणि ५१ क (ज) वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगायला सांगतो, हेही तिला पाठ आहे. पण आपण नेमकं काय मानतो, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही आन्सर की मध्ये नसतं. तो विचारायचा कोणाला?

खोलीतली एखादी पार्टनर हसते आणि घरच्यांना शंका म्हणजे उद्धटपणा वाटतो. या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत दुकान थाटलं जातं. परीक्षेत हमखास यश देणारं यंत्र, ग्रह शांत करणारं रत्न, निकालाआधी उरकायचं अनुष्ठान हे सगळं विकायला ठेवलेलं असतं आणि गिऱ्हाईक असतं ते घाबरलेलं. ही भीती काही मुलांच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली आणि पुण्यातली मुलं रस्त्यावर आली. २०२३च्या सुरुवातीला, थंडीतच, वर्णनात्मक परीक्षा लगेच लागू करू नये म्हणून ती पुन्हा रस्त्यावर बसली आणि नवी पद्धत २०२५पर्यंत लांबली. तारखेचा भरवसा नाही, जागांचा नाही, निकालाचा नाही. गुरुवार मात्र दर आठवड्याला न चुकता येतो. अशा मुलीने गुरुवार धरला तर तिची थट्टा कोणी करू नये. थट्टा केली की ती प्रश्न विचारायचं सोडते आणि मुकाट्याने दुकानाकडे वळते.

शनिवार पेठेतून नदीपलीकडे जायला ओंकारेश्वराजवळ एक पूल आहे. पेठांतली किती मुलं त्यावरून ये-जा करतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा याच पुलावर गोळ्या घालून खून झाला. त्यांचा विरोध देवाला किंवा धर्माला नव्हता, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला होता, आणि ते आयुष्यभर हेच सांगत राहिले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, तो त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. पुलाला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात शिंदे म्हणजे 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन, १९०६' एवढी एक ओळ. ती ओळ पाठ करणाऱ्या मुलीला कोणी सांगत नाही की हा माणूस एके काळी अगदी तिच्याच जागी बसलेला होता.

१८७३ साली जमखंडीत, वडील वारकरी असलेल्या घरात शिंदे जन्मले. शिकायला पुण्यात फर्ग्युसनमध्ये आले तेव्हा पैशांची चणचण होती आणि घरची काळजी पाठीशी होती. मिल आणि स्पेन्सर वाचून लहानपणीची श्रद्धा डळमळली. पण शंका आली म्हणून त्यांनी धर्माचा विषय मिटवून टाकला नाही, आणि आईवडिलांचा धर्म आहे म्हणून डोळे झाकून पुन्हा जवळही केला नाही. बी.ए. झाल्यावर वकिलीचा अभ्यास अर्ध्यावर सोडून ते प्रार्थना समाजाकडे वळले आणि १९०१ साली धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. जमखंडीच्या उन्हात वाढलेला हा तरुण विलायतेतल्या हिवाळ्यात एस्टलिन कार्पेंटरांसारख्या अध्यापकांकडे बौद्ध आणि ख्रिस्ती धर्म शिकत होता आणि रोजनिशी लिहीत होता. १९०३ साली परतल्यावर त्यांनी त्या अभ्यासाची पुस्तकी पंडिती केली नाही. तीन वर्षांत मिशन उभं राहिलं आणि अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहं निघाली. विद्यार्थिदशेत पडलेला प्रश्न त्यांनी टाळला असता तर हे काम त्यांच्या हातून झालंच नसतं, असं म्हणायला पुष्कळ जागा आहे.

दर हिवाळ्यात ६ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, मुंबईत चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. शिवाजी पार्कवर रांगेने पुस्तकांचे स्टॉल लागतात. रात्रभर रेल्वेने आलेली मुलं अंगावर पातळ स्वेटर असताना तिथे उभ्याने पुस्तकं चाळतात आणि पिशवी भरून परत निघतात. अलीकडे फुलं-मेणबत्त्यांऐवजी वही आणि पेन वाहण्याची मोहीम सुरू झाली आहे आणि त्या वह्या गरजू विद्यार्थ्यांपर्यंत जातात. या माणसांच्या डोळ्यांतली श्रद्धा कोणाहून कमी नाही. फक्त तिथे वाहिलेली वस्तू पुढे एखाद्या मुलाच्या दप्तरात दिसते.

बाबासाहेब गेल्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, गाडगेबाबा गेले. देवळातल्या दगडाविषयी कीर्तनात भल्याभल्यांना निरुत्तर करणारा हा माणूस, पण पंढरीच्या वाटेवरच्या भाविकाला त्याने कधी तुच्छ लेखलं नाही. उलट भाविकांसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. यात्रेकरूंच्या पडवीत पुढे मुलांच्या वळकट्या आल्या. श्रद्धेविषयी महाराष्ट्रात इतकं खोल बोलणं झालेलं असताना आजच्या मुलांच्या वाट्याला त्यातल्या फक्त सनावळ्या याव्यात, याचं वाईट वाटतं.

यात शिकवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. समाजसुधारकांचा धडा घेताना संस्था, संस्थापक, साल अशा तीन रकान्यांवर थांबायचं कारण नाही. शिंद्यांची श्रद्धा का डळमळली आणि ती कोणत्या रूपात परत आली, हे सांगायला पंधरा मिनिटं पुरतात. वर्णनात्मक परीक्षेत तर याचा उपयोगही होईल. घरच्यांनीही एवढं करावं: लेकीने "आज उपवास नाही धरला" असं सांगितलं तर ते ऐकून घ्यावं. भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी करणाऱ्या आयांना थंडीत अंगाला काय लागतं हे पक्कं ठाऊक असतं. मेसच्या पातळ आमटीवर दिवस काढणाऱ्या मुलीने पोहे खाल्ले म्हणून कोणती आई खरोखर रागावणार आहे?

२ जानेवारी हा शिंद्यांचा स्मृतिदिन. १९४४ साली याच दिवशी ते गेले. दुसऱ्याच दिवशी, ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. पेठांतल्या अभ्यासिकांच्या चालकांनी या दोन दिवसांपैकी एका संध्याकाळी तासभर बोलायची परवानगी द्यावी. भाषण नको, पाहुणेही नकोत. उपवास धरणारी, न धरणारी, नमाज पढणारी, त्रिशरण म्हणणारी आणि काहीच न मानणारी मुलं त्या खोलीत शेजारीशेजारी बसतात, पण प्लायवुडमुळे त्यांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. त्या तासापुरत्या खुर्च्या आत वळवाव्यात. टपरीवरून एक किटली चहा मागवावा. नऊला पुन्हा सगळे आपापल्या जागी, कारण मेन्सचा अभ्यास उरलेला असतोच.