रुळांवरचे कामकरी व आपली घाई

रविवार उजाडला कीं मुंबई व तिच्या उपनगरांतून एक ठरलेली कुरकूर ऐकूं येते. आज मेगाब्लॉक आहे! पश्चिम रेल्वेच्या बाजूस त्यालाच जंबो ब्लॉक म्हणतात. नांव कांहींही असो, चार-पांच तास कांहीं मार्गांवरील गाड्या बंद, उरलेल्या गाड्यांस दुप्पट गर्दी, कोणाचा लग्नाचा मुहूर्त हुकला, कोणाचें गिऱ्हाईक परत गेलें, कोणाची आजाऱ्याची भेट राहून गेली. हा त्रास खरा आहे व तो नाकारण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु या कुरकुरींत एक प्रश्न विचारलेला आमच्या कानीं क्वचितच येतो. हा ब्लॉक कोणासाठीं घेतात, आणि तो न घेतला तर त्याची किंमत कोणास द्यावी लागते? या प्रश्नाचें उत्तर ज्यास कळलें, तो पुढल्या रविवारीं फलाटावर उभा राहून इतक्या सहज शिव्याशाप देणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

रूळ ही एकदां घातली म्हणजे संपली अशी वस्तु नव्हे. उन्हानें ते वाढतात, थंडीनें आंखडतात, चाकांच्या भारानें झिजतात, आणि पावसानें त्यांच्याखालची खडी व माती खचते. ते नीट राहावे म्हणून बारा महिने माणसें रुळांवर राबत असतात. चावीवाला आपला टापू रोज पायीं तुडवितो व सैल झालेल्या चाव्या आणि पकडी घणानें ठोकून बसवितो; मुकादमाच्या हाताखालील टोळी खडी भरते व स्लीपर बदलते; सिग्नल, सांधे व डोक्यावरील विजेच्या तारा यांची निगा राखणारे लोक निराळेच. या कामांत आतां स्त्रियाही आहेत. आपण डब्यांत वर्तमानपत्र उघडून निर्धास्त बसतों, तो निर्धास्तपणा या लोकांनीं आपल्या हातापायांनीं आपणांस मिळवून दिलेला असतो.

आणि तो मिळवून देतां देतां त्यांतील कित्येक प्राणांस मुकतात. १३ फेब्रुवारी २०२३ रोजीं पहाटे नाशिक जिल्ह्यांत लासलगांवाजवळ रुळांवर काम करणाऱ्या चौघांस विजेच्या तारांच्या देखभालीसाठीं धावणाऱ्या रेल्वेच्याच वाहनानें चिरडलें. तें वाहन उलट दिशेनें आलें, असें त्या वेळच्या वृत्तांत आलें होतें. त्यास वर्ष पुरें झालें नाहीं, तोंच २२ जानेवारी २०२४ रोजीं रात्रीं वसई रोड व नायगांव यांच्या दरम्यान सिग्नलचा बिघाड काढण्यास गेलेले तीन रेल्वे कर्मचारी लोकल गाडीखालीं सांपडून ठार झाले. हे अपवाद होत असें कोणास वाटत असेल, तर त्यानें डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें रेल्वेच्या सुरक्षिततेविषयीं २०१२ सालीं दिलेला अहवाल पाहावा. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंतच्या अवधींत रेल्वेचे सुमारे १६०० नोकर कामावर असतां मृत्युमुखीं पडले, असें त्यांत नमूद आहे. हे सर्वच रुळांवर मेले असें नव्हे. परंतु एखादी गाडी घसरली म्हणजे जो देश हळहळतो, त्या देशास हा आंकडा ठाऊकही नसावा, हें शोचनीय आहे. गाडी घसरते ती एकदम, म्हणून तिचा मोठा मथळा होतो. कामकरी मरतो तो एकेकटा, म्हणून त्याच्या वाट्यास आंतल्या पानावरच्या चार ओळी येतात.

यावर पुष्कळ सुज्ञ लोक विचारतात कीं, एवढी अजस्त्र गाडी येत असतां ती माणसास दिसूं नये किंवा ऐकूं येऊं नये, हें घडतें तरी कसें? प्रश्न वाजवी आहे, व त्याचें उत्तर व्यापाऱ्यास पटेल अशा हिशेबानेंच देतां येईल. ताशीं १३० किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी एका सेकंदांत सुमारे ३६ मीटर अंतर कापते. वळणापलीकडून ती ३०० मीटरांवर दिसली, तर कामकऱ्याच्या हातांत अवघे आठ सेकंद उरतात. तेवढ्यांत दहा जणांच्या टोळीनें हातचें काम सोडावयाचें, पहारी व जॅक रुळांवरून उचलावयाचे आणि खडीवरून न घसरतां बाजूस व्हावयाचें. ब्रिटनमध्यें असा दंडक आहे कीं, गाडी येऊन ठेपण्याच्या निदान दहा सेकंद आधीं प्रत्येक जण सुरक्षित जागीं उभा असला पाहिजे. टोळीस बाजूस होण्यास वीस सेकंद लागतात असें धरलें, तर एकूण तीस सेकंद झाले. म्हणजे गाडी एक किलोमीटरहून अधिक अंतरावर असतांनाच ती कळली पाहिजे. घाटांत, खिंडींत, धुक्यांत किंवा आषाढांतल्या पावसांत एवढ्या लांबचें कोणास दिसतें?

कानांचीही तीच गत आहे. वाफेचें इंजिन धापा टाकीत येई, तें कोसावरून कळे. विजेचें इंजिन त्यामानानें मुकाट येतें. आणि रुळांचे सांधे वितळवून जोडल्यापासून चाकांचा तो ओळखीचा खडखडाटही पुष्कळ कमी झाला आहे. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी जात असली, किंवा खडी ठोकण्याचें यंत्र चालूं असलें, तर भोंगाही ऐकूं येत नाहीं. पावसाळ्यांत डोक्यावर ओढलेली टोपी कान झांकते, हें तर वेगळेंच. तात्पर्य, ज्या डोळ्यांवर व कानांवर कामकऱ्यानें विसंबून राहावें अशी आपली अपेक्षा असते, त्यांस रेल्वेच्या प्रगतीनेंच दुबळें करून ठेविलें आहे.

म्हणूनच या कामाचे नियम अनुभवानें ठरलेले आहेत, आणि ते जाणून घेणें नागरिकांसही उपयोगाचें आहे. कोणत्याही रुळावर, कोणत्याही वेळीं व कोणत्याही दिशेनें गाडी येईल, असें समजूनच पाऊल टाकावें. वेळापत्रकावर भिस्त ठेवूं नये. रुळांच्या कडेनें चालतांना येणाऱ्या गाडीकडे तोंड असावें, आणि तरीही मागें वळून पाहावें. गाडी आली म्हणजे शेजारच्या रुळांवर सरकूं नये, मार्गाच्या पार बाहेर जावें. कारण एका गाडीस चुकवून दुसरीखालीं सांपडणें हा या धंद्यांतील जुना घात आहे. रुळावर बसूं नये, उभ्या डब्यांखालून जाऊं नये, सांध्याच्या फटींत पाय घालूं नये. डोक्यावरील तारेंत २५,००० व्होल्ट दाबाची वीज खेळत असते. शरीर किंवा हातांतील लांब पहार तिच्यापासून दोन मीटरांच्या आंत जातां कामा नये. अंगावर चकाकणारें जाकीट असावें, कानांत गाण्याची तार नसावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्यास पहाऱ्यावर उभें केलें, त्यानें पहाऱ्यावांचून दुसरें कोणतेंही काम करूं नये. क्षणभर हात लावावा म्हणून त्यास घण उचलावयास सांगणें म्हणजे सबंध टोळीचे डोळे काढून घेणें होय. ज्या कामासाठीं गाडी थांबविणें अवश्य असतें, तेथें आपल्याकडील मोठ्या रुळांवर कामाच्या जागेपासून ६०० मीटरांवर लाल पट्टा आडवा लावावा व १२०० मीटरांवर रुळांवर फटाके बांधावे, असा नियम आहे.

हे नियम उत्तम आहेत. परंतु आमचा खरा मुद्दा याच्यापुढें सुरू होतो. अपघात झाला म्हणजे चौकशींत बहुधा पहिला प्रश्न असा निघतो कीं, मृतानें कोणता नियम मोडला? आणि नियम इतके आहेत कीं एखादा मोडलेला सांपडतोच. मेलेला मनुष्य साक्ष द्यावयास येत नाहीं. पण टोळींत माणसें किती असावयास हवीं होतीं व प्रत्यक्ष किती होतीं, पहाऱ्यास माणूस कां नव्हता, रात्रीं बिघाड काढण्यास गेलेल्यांवर गाड्या लवकर सुरू करण्याची किती घाई होती, हे प्रश्न त्याच जोरानें विचारले जात नाहींत. सावधगिरी हा कामकऱ्याचा धर्म आहे यांत शंका नाहीं. परंतु सावध मनुष्य देखील दिवसांतून एकदां चुकतो. ज्या व्यवस्थेंत एका चुकीस देहान्ताची शिक्षा आहे, ती व्यवस्थाच सदोष होय.

ब्रिटनमधील एक उदाहरण येथें बोधप्रद आहे. ३ जुलै २०१९ रोजीं वेल्समधील मार्गम येथें सांध्याचें काम करणारे दोन कामकरी गाडीखालीं सांपडून मेले व तिसरा थोडक्यांत बचावला. गाडीची सूचना देण्यास पहाऱ्यावर कोणी नव्हता, आणि हातांतील यंत्राच्या आवाजांत त्यांस गाडी येत असल्याचें कळलेंच नाहीं. त्यानंतर तेथील रेल्वेनें पहारेकऱ्याच्या केवळ नजरेवर विसंबून चालत्या गाड्यांमध्यें काम करण्याची पद्धत झपाट्यानें कमी केली. माणसें रुळांवर असतांना गाडी नको, आणि गाडी धांवत असतांना माणसें नकोत, हें त्यामागील तत्त्व आहे. आपल्याकडे त्याच तत्त्वाचें नांव ब्लॉक. सर्व नियमांचा राजा हाच. बाकीचे नियम त्याच्या अभावीं वापरावयाच्या ढाली आहेत. अर्थात् ब्लॉक म्हणजे रूळ अगदीं रिकामा असेंही नव्हे. देखभालीचीं वाहनें त्यांतच ये-जा करतात व शेजारचा मार्ग चालूं असतो. तेव्हां ब्लॉकमध्यें देखील पहारा, परस्परांस सूचना व प्रत्येक वाहनाच्या हालचालीची आगाऊ खबर हीं हवींतच.

रेल्वेच्या अधिकाऱ्यांस आमचें सांगणें येणेंप्रमाणें आहे. ज्या मार्गांवर दर तीन-चार मिनिटांनीं गाडी येते, तेथें किरकोळ दुरुस्तीही त्या रुळावरील गाड्या थांबविल्याशिवाय होऊं नये, मग तेवढ्यापुरती वाहतूक खोळंबली तरी चालेल. पहारेकरी टोळीच्या संख्येंत धरूं नये, तो जास्तीचा असावा. स्थानकाच्या सिग्नलशीं जोडलेल्या यंत्रांतून बिनतारी संदेश सुटून कामकऱ्याच्या अंगावरील यंत्र वाजूं, चमकूं व थरथरूं लागावें, असें ‘रक्षक’ नांवाचें साधन आपल्याकडे निघालेलें आहे. तें नमुन्यापुरतें न राहतां प्रत्येक टोळीच्या अंगावर दिसलें पाहिजे. ठेकेदाराच्या मजुरांस कायमच्या नोकरांइतकेंच शिक्षण मिळावें, आणि तें त्यांच्या भाषेंत मिळावें. जो मनुष्य काल गांवाहून आला, त्याच्या हातीं आज पहार देऊन उद्यां त्याच्या अज्ञानास दोष देणें हा अन्याय आहे. आणि थोडक्यांत टळलेल्या प्रसंगाची खबर देणाऱ्यास शिक्षेचें भय नसावें. कारण आजचा टळलेला प्रसंग हीच उद्यांच्या अपघाताची सूचना असते.

परंतु अधिकाऱ्यांस उपदेश करून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. गाडी पांच मिनिटें थांबली कीं स्थानकप्रमुखाच्या खोलीवर धांवून जाणारे आपणच आहों. आपली ही अधीरता वरून खालीं झिरपत जाते. अधिकाऱ्याकडून निरीक्षकाकडे, निरीक्षकाकडून मुकादमाकडे, आणि शेवटीं ती अंधारांत रुळांवर वांकलेल्या मनुष्याच्या पाठीवर येऊन बसते. ब्लॉकची सूचना वेळेवर मिळावी, त्या काळांत जादा बसगाड्या सुटाव्या, काम ठरल्या वेळीं पुरें व्हावें, ही मागणी आपण अवश्य करावी. ब्लॉकच नको, ही मागणी करूं नये. शिवाय पूल असतां रूळ ओलांडण्याची जी संवय आपणांस जडली आहे, तीही सोडावी. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ अन्वयें तो गुन्हा आहे, हें गौण. मुंबईंत वर्षाकाठीं शेंकडों माणसें त्यापायीं मरतात, हें मुख्य. ज्या रुळांवर शिकलेला कामकरी झेंडा, शिटी व पहारेकरी घेऊनही बचावत नाहीं, त्यांवर आपण हातांत पिशवी व कानाशीं फोन घेऊन उतरावें, याला काय म्हणावें?

कै. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांसाठीं झटून १८९० सालीं मुंबईंत रविवारची सुट्टी मिळविली. आज तोच रविवार आपण आरामांत घालवितों, आणि त्याच रविवारीं रुळांवरचा कामकरी भर उन्हांत खडी भरतो. कारण त्या दिवशीं आपली गर्दी कमी असते. आपल्या सुट्टीच्या दिवशीं तो कामावर जातो, याची भरपाई आपल्याकडून होण्याजोगी नाहीं. त्यानें संध्याकाळीं आपल्या पायांनीं घरीं परत यावें, एवढ्यापुरते चार तास मात्र आपण त्यास देऊं शकतों. तेवढे तास ज्या शहरास जड वाटतात, त्यानें आपल्या सुधारणेच्या गोष्टी बोलूं नयेत.